नागसेनवनातला ग्रीक राजा

विश्वविद्यालय या शब्दातच विश्व आहे. पण त्या विश्वात आपल्या माणसाला जागा कशी मिळाली, आणि त्याने तिथून काय आणलं, हा इतिहास आपल्या मुलाबाळांना माहीत पाहिजे.

१९१३ साली परमपूज्य बाबासाहेब सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सेलिग्मन अर्थशास्त्र शिकवीत, जॉन ड्यूई तत्त्वज्ञान. ज्याला शाळेत वर्गाबाहेर बसवलं, पाण्याला हात लावू दिला नाही, तो तिथे सगळ्यांच्या बरोबरीने बसला. पण बाबासाहेब नुसतं ऐकत बसले नाहीत. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. आपल्या वस्तीचं दुःख जगाच्या विद्वानांपुढे अभ्यासाचा विषय म्हणून मांडलं. आमच्या मते जगाचं नागरिकत्व ते हेच. जगाकडून घ्यायचं आणि आपला प्रश्नही जगापुढे ठेवायचा.

१९१७ साली तेच बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यास आले, तर राहायला खोली मिळेना. नाव बदलून पारशी खानावळीत राहावं लागलं, आणि तिथूनही हाकललं. कोलंबियातली समता बोटीतून बरोबर आली नव्हती. ती इथे घडवावी लागणार होती.

तरी जगाशी नातं तुटलं नाही. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिकडच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती. कारण दोघांचा प्रश्न सारखाच होता.

त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघालं, १९५० साली औरंगाबादेत दुसरं. त्या दुसऱ्याला पुढे नाव दिलं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद कोण? दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक राजा मिनँडर. भल्याभल्यांना वादात हरवणारा हा राजा भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारत राहिला, आणि उत्तर पटलं तेव्हा मोठेपणा सोडून कबूल झाला. मराठवाड्याच्या खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या पोरांच्या कॉलेजवर बाबासाहेबांनी परदेशी राजाचं नाव कोरलं! कुळ नाही, देश नाही. प्रश्न विचारण्याची हिंमत पाहिली.

आज केंद्राची आणि राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे. आपली मुलं लंडन-अमेरिकेला जातात, याचा आम्हा गिरणी कामगारांना अभिमानच आहे. आमचं त्यांना एवढंच सांगणं आहे: बाळांनो, तिकडे जात लपवून गप्प बसू नका. तिकडच्या दुबळ्यांचं दुःखही समजून घ्या. आणि ज्यांना जाता येत नाही त्यांनी खंत करू नये. मिलिंदाचा प्रश्न विचारायला पासपोर्ट लागत नाही. आपल्या विहाराच्या अभ्यासिकेतही तो विचारता येतो.

जय भीम!