हसत शिकविणाऱ्या चित्रकथा

मुलांना गोडीगुलाबीने शिकवावे, हा विचार मराठीला नवा नाही. मिशनऱ्यांचे ‘बालबोधमेवा’ हे मासिक १८७३ साली निघाले आणि १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ सुरू केले. पुढे मद्रासेत १९४७ साली तेलुगू व तमिळमध्ये जन्मलेल्या ‘चांदमामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने १९५२ साली आली. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर छापलेला हा अंक आता बंद पडला असला, तरी त्यातील विक्रम-वेताळाची आठवण अनेकांच्या मनात आजही ताजी आहे. तथापि या साऱ्या मासिकांत शब्द हा धनी आणि चित्र हे त्याचे सोबती होते. चौकटीमागून चौकट अशी चित्रांतूनच कथा चालविण्याचे काम पुढील पिढीने हाती घेतले.

त्या पिढीचे अग्रणी म्हणजे अनंत पै. कर्नाटकातील कार्कळ येथे १९२९ साली जन्मलेल्या पैंची कर्मभूमी मुंबई. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत ग्रीक देवतांविषयी अचूक सांगणाऱ्या मुलांना रामाच्या मातेचे नाव मात्र सांगता आले नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले. १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली, त्यामागे ही अस्वस्थता होती. मालेचे पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकराव्या क्रमांकाला ‘कृष्ण’ आला आणि मालेला आपला मार्ग सापडला. तो कृष्ण रेखाटला राम वाईरकर यांनी.

परंतु पुराण आणि इतिहास एवढ्यानेच बालमनाची भूक भागत नाही. १९८० साली पै यांनी सुब्बा राव यांच्या सहकार्याने ‘टिंकल’ काढले. तेथे राजे-महाराजांच्या जागी सामान्य पात्रे आली. सांगितलेले काम शब्दशः करून घोटाळा उडवून देणारा सुप्पंडी आणि डोळ्यांवर टोपी ओढलेला भित्रा शिकारी शंभू हे दोघेही १९८३ सालचे. सुप्पंडी वाईरकरांनी, शंभू वसंत हळबे यांनी, तर मित्रांना संकटातून सोडविणारा चतुर कावळा कालिया प्रदीप साठे यांनी चितारला. या हास्यकथांच्या शेजारीच विज्ञानातील ‘का’ आणि ‘कसे’ यांची उत्तरे देणारी पाने असत. सुप्पंडीच्या फजितीवर हसलेले मूल पान उलटताच सहजपणे प्रयोगाच्या पानावर जाऊन पोहोचे. वाचकांनी पाठविलेल्या लोककथाही छापल्या जात. त्यामुळे तमिळ मुलाची कथा बंगाली मुलाला आपली वाटू लागली. २०११ साली पै निवर्तले, तेव्हा ‘अंकल पै’ गेल्याचे दुःख देशभरच्या घरांना झाले.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्यासारख्या कुटुंबांनी या इतिहासाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहावयास हवे. हात वाईरकरांचे, हळब्यांचे, साठ्यांचे, गाव मुंबई, पण आपल्या मुलांपर्यंत हे हास्य पोहोचले ते बहुधा इंग्रजीतून. परप्रांतात वाढणाऱ्या मुलाला यातून साऱ्या देशाचे एक समान बालपण लाभले, हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्या भाषेत मूल पोट धरून हसते, ती भाषा त्याच्या अंतःकरणात घर करते. आणि मराठीत हसण्याची संधीच मिळाली नाही, तर ती केवळ सणासुदीपुरती उरते.

यावर उपाय आपल्या हाती आहे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेला ‘किशोर’ आजही निघतो. तो घरी यावा. आणि मुलाच्या हाती इंग्रजी चित्रकथा असेल, तर ती हिरावून न घेता आजीने शेजारी बसून सुप्पंडीला मराठीत बोलते करावे. चित्राला भाषेचे बंधन नसते. त्याच्या मुखी कोणते शब्द घालावयाचे, हे घरानेच ठरवावयाचे असते.