आयुर्वेदाचे विद्यापीठ : नाव आणि वस्तू

नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) राहाता तालुक्यात लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि २००३ साली त्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, नगर शहरात, आयुर्वेदाचे महाविद्यालय १९१७ पासून चालत आलेले आहे. राहाता हा स्वतंत्र तालुका १९९९ मध्ये झाला.  सदुसष्ट वर्षे आधी जन्मलेली संस्था महाविद्यालयच राहिली, आणि मागाहून आलेली विद्यापीठ झाली. सहकारी साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या नेतृत्वाचे बळ लोणीच्या संस्थेमागे होते, हे खरे. परंतु या फरकाचा सगळा उलगडा त्यातून होत नाही. त्यासाठी ‘विद्यापीठ’ आणि ‘वैद्यकीय’ या दोन शब्दांचा प्रवास पाहावा लागतो.

महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या बाबतीत विद्यापीठाचे नाव आधी आले व वस्तू मागे राहिली. १९०७ साली नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाचे पहिले अधिवेशन भरले. या संमेलनाच्या आश्रयाने पुढे जे ‘आयुर्वेद विद्यापीठ’ अस्तित्वात आले, ते मुख्यतः परीक्षा घेणारे मंडळ होते. भिषक्, विशारद, आचार्य अशा पदव्या ते देई; शिकवण्याचे काम मात्र ठिकठिकाणच्या वैद्यांकडे व पाठशाळांकडे असे. आजच्या वाचकास हे चमत्कारिक वाटेल. वस्तुतः त्यात वावगे काही नव्हते. मुंबई विद्यापीठही १८५७ साली परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था म्हणूनच सुरू झाले होते. वैद्यांनी तेच रूप उचलले. फक्त त्यामागे सरकारची सनद नव्हती.

ही उणीव किती महागात पडे, हे मुंबईत दिसून आले. १९१२ च्या मुंबई प्रांतातील कायद्याने पाश्चात्य पद्धतीच्या डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली व तिच्यावर देखरेख करणारी परिषद नेमण्यात आली. मुंबईतील आयुर्वेद महाविद्यालयाशी निगडित असलेल्या डॉ. पोपट प्रभुराम यांना त्या संस्थेचा संबंध सोडण्यास या परिषदेने फर्मावले, आणि १९१६ च्या सुमारास त्यांचे नाव नोंदपुस्तकातून काढून टाकले. एका शास्त्राची पदवी असलेल्या माणसाने दुसरे शास्त्र शिकवण्यास हातभार लावावा, हाच अपराध ठरला. गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरला महाविद्यालय काढले ते या घटनेच्या पाठोपाठ, आणि तेही मुंबई-पुण्याबाहेर एका जिल्ह्याच्या गावी. गुणेशास्त्री हे केवळ संस्थाचालक नव्हते. ‘आयुर्वेदीय औषधिगुणधर्मशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ औषधी कल्पांचे विवेचन करणारा असून तो वैद्यांच्या नित्य वापरात राहिला. नगरचे महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

येथे चीनकडे वळणे उपयुक्त ठरेल, कारण तेथील क्रम नेमका उलटा आहे. १९२९ साली नानकिंग सरकारच्या आरोग्य मंडळापुढे जुने वैद्यक हळूहळू बंद करण्याचा ठराव आला. त्याविरुद्ध १७ मार्च १९२९ रोजी शांघायमध्ये देशभरातील वैद्यांची परिषद भरली व ठराव बारगळला. तथापि राज्यसत्तेचा भक्कम आधार मिळाला तो १९४९ नंतर. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ व चेंगदू येथे सरकारने एकदमच चार संस्था स्थापन केल्या. त्यांच्या नावात ‘दाश्युए’, म्हणजे विद्यापीठ, हा शब्द नव्हता. ‘श्युएयुआन’, म्हणजे महाविद्यालय, हा होता. इमारती, रुग्णालये, वेतन, पाठ्यपुस्तके हे सारे आधी आले. विद्यापीठ हे नाव १९९० नंतरच्या दशकात मिळाले.

दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. चिनी भाषेत ‘यी’ हा वैद्यकाचा सामान्य शब्द. पाश्चात्य वैद्यक आल्यावर त्यास ‘शीयी’, पश्चिमेचे वैद्यक, म्हटले गेले व जुन्यास ‘झोंगयी’, चीनचे वैद्यक. दोन्ही विशेषणे सारख्याच मापाची. मूळ शब्द कोणाच्याच मालकीचा झाला नाही. मराठीत असे घडले नाही. ‘वैद्य’ हे नाम आयुर्वेदाकडे राहिले, पण ‘वैद्यकीय’ हे विशेषण डॉक्टरांनी पटकावले. वैद्यकीय अधिकारी म्हटले की वैद्य डोळ्यांपुढे येत नाही, आणि वैद्यकीय महाविद्यालयात वैद्य तयार होत नाहीत, हे कोणीही सांगेल. मूळ शब्दाच्या घरातून मूळ धन्यालाच बाहेर पडावे लागले. नगरच्या संस्थेस आपल्या शास्त्राचे नाव पाटीवर लिहावे लागते. लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयास त्याची गरज पडत नाही.

मुंबई प्रांताने १९३८ च्या कायद्याने वैद्यांच्या नोंदणीची सोय केली. परंतु नोंदणी झाली म्हणून अभ्यासक्रमाचा प्रश्न सुटला नाही. शुद्ध आयुर्वेद शिकवावा की पाश्चात्य विषय मिसळून, या वादात पुढील तीन दशके गेली. केंद्र सरकारने नेमलेल्या चोप्रा समितीने १९४८ मध्ये समन्वयाची बाजू घेतली. १९६३ मध्ये व्यास समितीने शुद्ध अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला. या वादात तत्त्वाइतकाच अधिकाराचाही प्रश्न होता. आपला अभ्यासक्रम आपण ठरवणे हे विद्यापीठाचे काम, आणि ज्या शास्त्राजवळ विद्यापीठ नाही त्याचे निर्णय समित्या करतात. १९७० च्या केंद्रीय कायद्यानंतर सर्व देशाचा अभ्यासक्रम एकाच परिषदेकडे गेला, तेव्हा हा प्रश्न एका अर्थी निकालात निघाला.

आयुर्वेदास वाहिलेले कायदेशीर विद्यापीठ महाराष्ट्राच्या हातून किती थोडक्यात निसटले, हेही नोंदण्यासारखे आहे. जामनगर येथे १९५६ साली आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे केंद्र सुरू झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून सौराष्ट्र, आणि त्यासह जामनगर, द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. १ मे १९६० रोजी राज्याची वाटणी झाली व जामनगर गुजरातकडे गेले. गुजरातने १९६५ साली कायदा करून आयुर्वेद विद्यापीठाची तरतूद केली आणि १९६७ मध्ये ते कार्यास लागले. द्वैभाषिक टिकते तर ते मुंबई राज्याचे झाले असते की नाही, हा तर्क निष्फळ आहे. पण महाराष्ट्राने वाटणीनंतर तसे दुसरे काढण्याची निकड मानली नाही, एवढे खरे.

येथील महाविद्यालये सर्वसामान्य विद्यापीठांस जोडली गेली. नगरचे महाविद्यालय १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आले. यात केवळ हानीच झाली, असे मानणे उचित होणार नाही. संस्कृत, वनस्पतिशास्त्र व इतिहास ज्या विद्यापीठात शिकवले जातात, त्याच विद्यापीठाच्या पदव्या आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांस मिळू लागल्या, आणि १९१६ च्या परिषदेने जी भिंत उभी केली होती ती निदान विद्यापीठाच्या आवारात तरी राहिली नाही. या शेजाराचा लाभ किती घेतला गेला, हा प्रश्न निराळा. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व आयुर्वेद महाविद्यालये तिकडे वर्ग झाली. नाशिक म्हणजे पदेशास्त्रींनी १९०७ साली जेथे वैद्य जमवले तेच गाव. या नव्या विद्यापीठाच्या नावात ‘वैद्यकीय’ हा शब्द नाही. त्याऐवजी ‘आरोग्य’ हा शब्द आहे, आणि त्याखाली वैद्य व डॉक्टर या दोघांच्याही पदव्या बसतात.