दुसरं मत पुसायचं नाही, या रीतीची कुळकथा

विकिडेटा हा खुला ज्ञानसाठा २०१२ साली सुरू झाला. एखाद्याच्या दोन जन्मतारखा मिळाल्या तर तिथे दोन्ही ठेवता येतात. प्रत्येकीला संदर्भ जोडायचा आणि अधिक भरवशाचीला वरचा दर्जा द्यायचा. ही युक्ती संगणकवाल्यांची, असं सगळे धरून चालतात. मी तिचं कूळ महानुभाव पोथ्यांत लावतो आणि त्याला निमित्त फलटण. महानुभाव पंथ मानतो त्या पाच कृष्णांतले, म्हणजे पंचकृष्णांतले, चक्रपाणी इथलेच. गावाला महानुभावांची दक्षिण काशी म्हणतात ते उगाच नाही.

केतकरांचा ज्ञानकोश आणि वाईचा विश्वकोश सर्वांना ठाऊक आहेत. तिथे निवाडा संपादकाचा. पंथप्रवर्तक चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ असलेल्या लीळाचरित्राची तऱ्हा निराळी. १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरांना पाहिलेली माणसं गाठून आठवणी गोळा केल्या, चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतल्या. पोथ्यांत एखाद्या लीळेचा, म्हणजे प्रसंगाचा, वेगळा पाठ आला की तो ‘वासना’ म्हणून शेजारीच नोंदलेला दिसतो, कधी सांगणाऱ्याच्या नावासकट.

खरा वाद इथे आहे. परंपरा सांगते की मूळ पोथी धाडीत गेली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. हीराइसा या अनुयायी बाईंचा पाठ त्यातलाच. मग वासना ही नाइलाजाने आलेली सोय म्हणायची का? मला नाही पटत. हरवलेलं पुन्हा लिहिताना आपलाच पाठ खरा म्हणून रेटणं सोपं होतं. तसं झालं नाही, कारण साक्षीदाराला विचारून लिहायची शिस्त म्हाइंभटांनी आधीच घालून दिली होती. पैगंबरांच्या वचनांच्या, म्हणजे हदीसच्या, संग्राहकांनी सांगणाऱ्यांची साखळी त्याच्या कितीतरी आधी नोंदवली, हा आक्षेप वजनदार आहे. त्यांचा मान आधीचाच. मराठीतला पहिला मान मात्र म्हाइंभटांचा.

या शिस्तीची गरज फलटणच्याच नोंदीत दिसते. चक्रपाणींचं दुसरं नाव चांगदेव राऊळ. ज्ञानदेवांनी ज्यांना पासष्टी लिहिली ते चांगदेव वेगळे. नाव जुळलं म्हणून यंत्र दोघांना एक करून टाकील; तिथे माणूसच आडवा यायला हवा. पुढचा पेच तर याहून अवघड. चक्रपाणींनी द्वारावतीला देह ठेवला, भडोचच्या हरपाळदेवाच्या मृत देहात प्रवेश केला आणि तेच चक्रधर झाले, ही पंथाची श्रद्धा. मग नोंद एक की दोन? वासनेच्या रीतीने उत्तर सरळ आहे: नोंदी दोन ठेवाव्यात आणि त्यांचं नातं ‘महानुभाव परंपरेनुसार’ असं स्पष्ट लिहावं. श्रद्धाही राहते, इतिहासही.

तेव्हा फलटणकरांनो, गावाची नोंद दुरुस्त करायला बसाल तेव्हा संदर्भ असलेलं जुनं विधान पुसू नका. आपलं त्याच्या शेजारी लिहा, आणि ते कुणाच्या आधारावर लिहिलं तेही.