लाखेचें रोगण : रंग आणि रक्षण

पाळण्याचे खूर, बुद्धिबळांतील मोहरीं, पोरांचे भोंवरे आणि तान्ह्याच्या मुठींतील खुळखुळा हीं सारीं एका कारागिराच्या हातचीं. त्याला आपल्याकडे कातारी म्हणतात. चरकावर लांकूड फिरतें ठेवून पटाशीनें त्याला गोल आकार द्यावयाचा हा त्याचा धंदा. सुरेख नाकाडोळ्यांना आपण ‘कातीव’ म्हणतों तो शब्द याच धंद्यानें भाषेला दिला. परंतु आकार साधला म्हणजे कातार्‍याचें काम संपलें असें नाहीं. उघडें लांकूड हातांचा घाम आणि तेल शोषून मळतें. त्याला रंग द्यावा तर तो रंग हाताला लागतो. तेव्हां रंग टिकवावा कसा, आणि टिकवितांना तो झांकला जाऊं नये याची तजवीज कशी करावी, हा त्याचा खरा प्रश्न. या प्रश्नाला आपल्या देशानें दिलेलें उत्तर म्हणजे लाख.

लाख हा झाडाचा चीक नव्हे. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर एक सूक्ष्म कीटक हजारोंच्या संख्येनें येऊन बसतो. सोंड रोंवून तो रस शोषतो आणि अंगांतून राळेसारखें द्रव्य पाझरवून आपल्याभोंवतीं कवच रचतो. मादी त्या कवचांतच राहते, तेथेंच तिचीं पिलें जन्मतात आणि तेथेंच ती मरते. मनुष्यानें जें लांकडाचें कवच केलें तें मूळचें एका आईचें बाळंतघर आहे. या घरांत दोन वस्तु एकत्र नांदतात : भिंतीची राळ, आणि मादीच्या अंगांतील गडद तांबडा रंग. राळ रक्षण करते, रंग शोभा देतो. लाखेचा सारा इतिहास म्हणजे या दोन भावंडांच्या वांटणीचा इतिहास होय.

प्राचीनांना दोघांचीहि ओळख होती. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांत जखम भरून आणणारी औषधि म्हणून लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे. संस्कृत काव्यांतील नायिकांच्या पावलांचा अळता लाखेच्याच रंगाचा. राळेचा एक दुर्गुण मात्र महाभारतानें सर्वांच्या कायमचा ध्यानांत ठेवविला : ती पेट फार लौकर घेते. दुर्योधनाचें जतुगृह याच दुर्गुणावर विसंबून होतें.

चरकावरील लाखकामाचें एक उत्तम जुनें वर्णन आपल्याला गोव्यांतून मिळतें. तेथें १५६३ मध्यें छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें लाखेला एक प्रकरण दिलें. मात्र ती पंख असलेल्या मुंग्या तयार करितात अशी त्याची समजूत होती. त्यानंतर वीस वर्षांनीं, १५८३ मध्यें, लिन्स्कोटेन नांवाचा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरीं येऊन राहिला. १५९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथांत कातार्‍याचें काम डोळ्यांपुढें उभें राहतें. फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून लांकडाच्या रेषांत शिरते. मग रुंद वाळक्या पातीनें घांसून तिला कांचेसारखी चकाकी आणतात. पलंग, खुर्च्या, चौरंग अशा नाना वस्तूंवर असें काम होत असल्याचें तो नमूद करितो. या गोष्टीला चारशेंहून अधिक वर्षें लोटलीं. तरी कर्नाटकांतील चन्नपट्टणच्या कारखान्यांत आजहि लाखेची कांडी तशीच दाबली जाते आणि केवड्याच्या जातीच्या पानानें जिल्हई दिली जाते. कुंचला नाहीं, विस्तव नाहीं, वाळण्याची वाट पाहणें नाहीं. रंग आणि रोगण एकाच हातानें, एकाच क्षणीं लांकडावर चढतात.

परंतु पिवळी किंवा हिरवी लाख करावयाची तर लाखेचा स्वतःचा तांबडा रंग आड येतो. म्हणून डहाळीवरची लाख कुटून ती पाण्यांत तुडवून तुडवून धुवावी लागते. पाणी लाल होऊन वाहून जातें आणि खालीं फिकट दाणे उरतात. ते वाळवून लांब कापडी पिशवींत भरतात, पिशवी भट्टीसमोर धरून पिळतात, आणि पाझरलेली राळ ऊन असतांनाच ताणून तिचा पातळ पापुद्रा करितात. हाच चपडा. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’मध्यें चिकांना लावावयाच्या लाखेचें प्रमाण दिलें आहे : तांबडीसाठीं चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळीसाठीं तितक्याच लाखेला एक शेर हरताळ. दुसर्‍याचा रंग उजळ दिसावा म्हणून लाखेला आधीं आपला रंग सोडावा लागला.

युरोपियन व्यापार्‍यांनीं प्रथम उलटा सौदा केला. मेक्सिकोकडील किरमिजी किड्याच्या रंगाला पर्याय म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळांत लाखेचा तांबडा रंग विलायतेला जाऊं लागला. १७८१ मध्यें जेम्स कर यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें या कीटकाचें शास्त्रीय वर्णन मांडलें. पुढें १८५६ मध्यें पर्किन यानें डांबरापासून जांभळा रंग काढला, १८६८ मध्यें मंजिष्ठाचा तांबडा रंगहि प्रयोगशाळेंत सिद्ध झाला, आणि लाखेच्या रंगाची पेठ बसली. त्याच सुमारास राळेचें भाग्य मात्र उजळत होतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसच्या कारागिरांनीं स्पिरिटांत विरघळविलेला चपडा कापडाच्या बोळ्यानें लांकडावर थरावर थर चढविण्याची कला पूर्णतेस नेली. शतकाच्या शेवटीं ग्रामोफोनच्या तबकड्याहि चपड्याच्या होऊं लागल्या. ज्या रंगासाठीं लाख विलायतेला गेली तो आतां गटारांत जाऊं लागला, आणि तिचें कवच जगभर पसरलें.

येथें आपल्या कातार्‍यापुढें दुसरी वाट उघडली : लांकूडच रंगवावें आणि वर निर्मळ चपड्याचा पारदर्शक थर द्यावा. या वाटेनें लांकडाच्या शिरा रंगांतूनहि दिसतात; पण तिचे नियम कडक आहेत. स्पिरिटांत विरघळणारा रंग खालीं असेल तर वरच्या चपड्यांतलें स्पिरिट त्याला उठवितें आणि रंग फांकतो. म्हणून खालचा रंग पाण्यांत कालविलेला हवा आणि तो पुरता वाळलेला हवा. चपड्यांत थोडें मेण निसर्गतःच असतें. रोगण अगदीं स्वच्छ हवें तर तें काढून टाकावें लागतें. इतकें करूनहि त्यावर चहाचा ऊन पेला ठेवला तर पांढरें वर्तुळ उमटतें. आणि जो थर प्रकाशाला आंत येऊं देतो तो उन्हाला अडवूं शकत नाहीं. खालचा रंग कच्चा असेल तर तो रोगणाच्या आंत राहूनहि विटतो.

श्रोतेहो, या इतिहासाचा आपल्या घराशीं संबंध आहे. खेळण्याची परीक्षा मूल प्रथम दांतांनीं करतें. हिंगुळांत पारा आहे, हरताळांत सोमल आहे. तेव्हां जुनें तितकें निर्दोष असें म्हणतां येत नाहीं. नव्या काळानें त्यांत शिशाच्या रंगांची भर घातली. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम भारतांत २०१६ मध्यें निघाले. चपडा स्वतः इतका निरुपद्रवी कीं औषधांच्या गोळ्यांवर आणि मिठाईवर त्याचा लेप देतात. परंतु खालीं विष असेल तर वरच्या निर्मळ थराचा भरंवसा मुलाच्या दांतांपुढें किती दिवस पुरणार? आंध्र प्रदेशांतील एटिकोप्पाका गांवीं श्री. सी. व्ही. राजू यांनीं हा विचार मुळापासून केला. झाडांच्या बिया, साली, मुळें यांपासून काढलेले रंग त्यांनीं तेथील लाखकामांत पुन्हां आणले. २०२३ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे सावंतवाडीस १९७० नंतरच्या दशकांत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोंसले यांनीं लाखकामाला आणि गंजिफेला राजवाड्यांतच आश्रय दिला, म्हणून ती विद्या हातांतून निसटली नाहीं.

रोगणाचा धर्म राखण्याचा आहे, सुधारण्याचा नाहीं. खालीं जें असेल तेंच तें अधिक उठावानें दाखवितें आणि जपतें. म्हणून पुढच्या वेळीं मुलासाठीं रंगीत भोंवरा घेतांना त्याची चकाकी तर पाहावीच. पण त्या चकाकीखालीं कोणता रंग आहे, हें दुकानदाराला अवश्य विचारावें.