न उघडणारा फोटो

गेल्या दिवाळीत अक्काला घेऊन कार्ल्याला गेलो होतो. एकवीरेचं दर्शन झालं. लगतच्या चैत्यगृहाच्या ओसरीत भाच्याने आयफोनवर तिचा फोटो काढला. माघात अक्का गेली. भाच्याकडून फोटो मागवला, तर माझ्या जुन्या संगणकावर उघडेचना! फाइलच्या शेवटी 'जेपीजी'ऐवजी 'एचईआयसी'.

मग खणायला बसलो (मास्तरची खोड, दुसरं काय!). जेपीजीचं मानक १९९२चं. ते ठरवणाऱ्या तज्ज्ञसमितीचंच नाव त्याला चिकटलं. आज ते न ओळखणारा संगणक शोधूनही सापडायचा नाही. एचईआयसी मात्र ॲपलने २०१७ साली आयओएस ११पासून वापरात आणलं. तोच फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो. सोय फोनची, पंचाईत आमची.

मंडळी, त्या ओसरीच्या भिंतीवर वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठींचा लेख आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम, असं त्यांनी कोरवून ठेवलंय. पण पुढे ब्राह्मी वाचणारेच उरले नाहीत. अक्षरं शाबूत, अर्थ कुलूपबंद! जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली लिपी उलगडली, तेव्हा कुठे असे लेख वाचता येऊ लागले.

आमचं कुलूप एका दिवसात निघालं. भाच्याने जेपीजी करून पाठवलं. पुढच्या फोटोंसाठी त्याने फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलंय. रूपांतरात थोडा तपशील गळतो, म्हणून मूळ फाइलही जपायला सांगितली.

फोटोत अक्का उन्हाने डोळे बारीक करून हसते आहे. मागे भिंतीवरची अक्षरंही थोडी आली आहेत.