कॉनराड बायर्ले आणि युद्धकाळातले सेंट्रिफ्यूज

१९५० साली वाइनहाइमच्या फेर्लाग केमी या प्रकाशनसंस्थेने गॅस सेंट्रिफ्यूजवर एक जर्मन पुस्तक काढले. लेखक चार : बायर्ले, ग्रोट, हार्टेक आणि येन्सेन. झेनॉन, क्रिप्टॉन आणि सेलेनियम यांची समस्थानिके फिरत्या नळीत कशी वेगळी करता येतात, असा विषय मुखपृष्ठावरच सांगितला आहे. हे यंत्र मुळात ज्याच्यासाठी बांधले गेले, त्या युरेनियमचे नाव शीर्षकात कुठेच नाही. युद्धानंतरच्या जर्मनीत ते छापणे सोपे नव्हते. दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने एप्रिल १९४६ मध्ये २५ क्रमांकाचा कायदा करून उपयोजित अणुसंशोधनावर बंदी घातली होती, आणि पश्चिम जर्मनीला सार्वभौमत्व मिळायला अजून पाच वर्षे होती.

चौघांपैकी तिघे विद्यापीठातले. पाउल हार्टेकने १९३४ मध्ये केंब्रिजला रदरफर्ड आणि ऑलिफंट यांच्यासोबत ट्रिटियमचा शोध लावला होता. हान्स येन्सेनला पुढे १९६३ चे नोबेल मिळाले. विल्हेल्म ग्रोट हा हार्टेकचा हॅम्बुर्गमधला सहकारी. वर्णानुक्रमामुळे ज्याचे नाव पहिले आले तो कॉनराड बायर्ले मात्र कारखान्यातला माणूस, कील शहरातल्या आन्श्युट्स आणि कंपनीचा इंजिनिअर. जर्मन अणुबॉम्ब का झाला नाही, या प्रश्नावर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जे लिहिले गेले त्यात हायझेनबर्गच्या मनात काय होते याची चर्चा पानोपानी सापडते. बायर्लेच्या हातात काय होते याची चर्चा फार थोडी. उत्तराचा मोठा भाग तिथे आहे असे मला वाटते, म्हणून त्याची कारकीर्द कागदांवरून जुळवून पाहण्याचा हा प्रयत्न.

कागद तीन ठिकाणचे आहेत. पहिले म्हणजे युद्धकाळातले गुप्त अहवाल. जवळपास चारशे अहवाल अमेरिकनांनी १९४५ मध्ये उचलून नेले, ओक रिजला त्यांची सूची केली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते जर्मनीला परत मिळाले. आज ते म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहेत. दुसरे, हार्टेकची खासगी कागदपत्रे. तो १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथे रेन्सेलर संस्थेत प्राध्यापक झाला आणि त्याचे दप्तर तिथेच राहिले. तिसरे, खुद्द बायर्ले-ग्रोट यांनी युद्धानंतर छापलेले लेखन. याखेरीज डेव्हिड अर्व्हिंगचे १९६७ चे पुस्तक आहे. संबंधित माणसे हयात असताना त्याने त्यांच्या मुलाखती घेतल्या, म्हणून ते टाळता येत नाही. पण ज्यू हत्याकांडाबाबतचे पुरावे त्याने जाणूनबुजून वाकवले, असा निर्णय लंडनच्या न्यायालयाने २००० साली दिला. तेव्हा त्याचा तपशील दुसरीकडे पडताळल्याशिवाय घेऊ नये.

सुरुवात हॅम्बुर्गमध्ये होते. २४ एप्रिल १९३९ रोजी हार्टेक आणि ग्रोट यांनी जर्मन युद्ध मंत्रालयाला पत्र लिहिले. युरेनियमच्या विखंडनातून आजवरच्या कोणत्याही स्फोटकापेक्षा कैक पटींनी शक्तिमान स्फोटक शक्य आहे, आणि जो देश ते आधी वापरेल त्याला गाठणे इतरांना जमणार नाही, हा त्या पत्राचा आशय. युद्ध सुरू व्हायला अजून चार महिने होते. कोणी मागितले नसताना लिहिलेले हे पत्र आहे, हे विसरून चालणार नाही. नंतरच्या काळात जर्मन शास्त्रज्ञांच्या अनिच्छेबद्दल जे बोलले गेले, ते या दोघांना तरी लागू पडत नाही.

नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ वजनाचे अणू फक्त ०.७१ टक्के असतात, बाकी जवळजवळ सगळे २३८ चे. रसायनशास्त्राच्या नजरेला दोघे सारखेच, म्हणून त्यांना वेगळे करायचे तर वजनातल्या फरकावरच भिस्त ठेवावी लागते. हार्टेकने आधी क्लुझियस आणि डिकेल यांच्या उभ्या नळीची पद्धत घेतली. तिच्यात तापमानातल्या फरकामुळे हलके आणि जड रेणू वेगळे होऊ लागतात. युरेनियम हेक्साफ्लोराइड हे एकच सोयीचे वायुरूप संयुग, आणि ते तर धातू खाऊन टाकणारे. १९४१ उजाडेपर्यंत नळीतून काही निष्पन्न होत नाही हे स्पष्ट झाले. मग ग्रोट सेंट्रिफ्यूजकडे वळला. कल्पना जुनीच होती. लिंडमन आणि ॲस्टन यांनी ती १९१९ मध्ये मांडली होती, आणि अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात जेसी बीम्सने १९३० च्या दशकात क्लोरीनवर ती खरी करून दाखवली होती.

सप्टेंबर १९४१ मध्ये हायझेनबर्ग कोपनहेगनला नील्स बोरला भेटायला गेला. त्या भेटीवर नाटक झाले, वाद झाले, पुस्तके आली. त्याच शरद ऋतूत ग्रोट कीलला गेला. त्या प्रवासाबद्दल कोणी फारसे लिहिलेले नाही, पण युरेनियम वेगळे करण्याच्या कामाला खरी दिशा तिथे मिळाली.

तो आन्श्युट्सकडेच का गेला? हेर्मान आन्श्युट्स-केम्फे याने १९०५ मध्ये स्थापन केलेला हा कारखाना जायरो-होकायंत्रांसाठी जगभर नावाजलेला होता. अमेरिकन स्पेरी कंपनीशी त्याचा पेटंटचा खटला झाला तेव्हा न्यायालयाने तज्ज्ञ म्हणून आल्बर्ट आइनस्टाइनला नेमले, आणि पुढे १९२० च्या दशकात आइनस्टाइनने याच कारखान्याच्या गोलाकार होकायंत्राच्या रचनेत मदत केली. जड चक्र अतिवेगाने फिरवायचे, त्याचा तोल केसभरही ढळू द्यायचा नाही, बेअरिंग तापू द्यायचे नाही, हे तिथल्या कारागिरांचे रोजचे काम होते. रसायनशास्त्राचा प्राध्यापक जे यंत्र नुसते कल्पू शकत होता, ते घडवण्याची हातोटी कीलमध्ये होती. बायर्लेकडे काम आले ते या वाटेने.

त्या कामाची अवघड जागा आकड्यांतून नीट कळते. सहा सेंटिमीटर त्रिज्येची नळी घ्या आणि तिचा काठ सेकंदाला २८० मीटर वेगाने फिरवा. मिनिटाला पंचेचाळीस हजारांच्या आसपास फेऱ्या होतात. काठावर चिकटलेल्या एक ग्रॅम धातूचे वजन त्या क्षणी १३० किलोहून अधिक भरते, म्हणजे नळीची भिंत स्वतःलाच फाडू पाहते. धातू जितका जड तितका हा ताण जास्त, म्हणून इथे नुसता मजबूत धातू पुरत नाही. मजबूत असून हलका लागतो. बरे, वेग कमी करून भागत नाही, कारण वेगळे करण्याची ताकद वेगाबरोबर झपाट्याने घटते. या पद्धतीची एक जमेची बाजूही आहे. वायू सच्छिद्र पडद्यातून गाळण्याच्या पद्धतीत दोन रेणूंच्या वजनांचे गुणोत्तर महत्त्वाचे असते, आणि ३४९ व ३५२ यांचे गुणोत्तर जेमतेम एकच्या वर जाते. सेंट्रिफ्यूजमध्ये वजाबाकी महत्त्वाची असते. तीनचा फरक तीनचाच राहतो, मग रेणू कितीही जड असो. युरेनियमसाठी सेंट्रिफ्यूज योग्य, हा ग्रोटचा होरा तत्त्वतः बरोबर होता.

हवे तसे खास पोलाद वेळेत मिळेना, म्हणून पहिल्या यंत्राचा रोटर हलक्या मिश्रधातूचा केला. १९४२ च्या वसंतात चाचणी चालू असताना तो फुटला. एवढ्या वेगाने फिरणारा रोटर फुटतो तेव्हा जोडण्यासारखे काही उरत नाही, नवा घडवावा लागतो. तो घडवला गेला, आधी झेनॉनवर चालवून पाहिला, आणि ऑगस्टमध्ये त्यात युरेनियम हेक्साफ्लोराइड सोडले. नोंदले गेलेले निकाल २.७ टक्के आणि मग ३.९ टक्के असे आहेत.

या आकड्यांवर वाचक हमखास फसतो, म्हणून इथे जरा थांबतो. ३.९ टक्के म्हणजे यंत्रातून ३.९ टक्के शुद्धतेचे युरेनियम निघाले असे नव्हे. मूळच्या प्रमाणात तेवढी वाढ झाली. ०.७१ चे ०.७४ झाले, एवढेच. बॉम्बसाठी नव्वद टक्क्यांच्या आसपास जायचे तर असे टप्पे एकापुढे एक किती लागतील याचा हिशेब मी मांडून पाहिला. कुठेही गळती नाही, कुठेही यंत्र बंद पडत नाही असे धरले तरी सुमारे १९० टप्पे होतात, आणि खालच्या प्रत्येक टप्प्यावर पुष्कळ यंत्रे एका वेळी चालवावी लागतात. त्या वेळी चालणारी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. उलट प्रमाण फक्त दुप्पट करायचे असेल तर अठरा-एक टप्पे पुरतात. हार्टेकचे लक्ष याच दुसऱ्या हिशेबाकडे होते. अणुभट्टीसाठी लागणारे जड पाणी नॉर्वेतल्या व्हेमोर्कहून येत होते आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये तिथे घातपात झाला. थोडे समृद्ध युरेनियम हाती आले असते तर जड पाण्याची गरज कमी झाली असती, कदाचित साध्या पाण्यावरही भट्टी चालली असती. म्हणून 'कीलमध्ये बॉम्ब बनत होता' हे विधान जितके चुकीचे, तितकेच 'ते निरुपद्रवी शुद्ध संशोधन होते' हेही चुकीचे. पैसा आणि अग्रक्रम लष्कराच्या शस्त्रास्त्र खात्याकडून आणि नंतर राइश संशोधन परिषदेकडून येत होता, आणि तो कशासाठी येतो हे घेणाऱ्यांना ठाऊक होते.

यानंतरची हकिगत बहुतेक पळापळीची आहे. जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्ग आठवडाभराच्या बॉम्बहल्ल्यांत जळाले. काम दक्षिणेला फ्रायबुर्गला हलवले. तिथल्या हेलिगे या उपकरणांच्या कारखान्याला सेंट्रिफ्यूज बनवण्याच्या कामात घेतले गेले. २७ नोव्हेंबर १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी फ्रायबुर्ग उद्ध्वस्त केले. मग उत्तरेला त्सेले गावी, पॅराशूटचे रेशीम बनवणाऱ्या गिरणीच्या एका भागात प्रयोगशाळा थाटली. एप्रिल १९४५ मध्ये अल्सोस या अमेरिकन शोधपथकाची माणसे तिथे पोचली तेव्हा त्यांना ग्रोटची प्रयोगशाळा आणि यंत्र मिळाले. कारखाना म्हणता येईल अशी मांडणी मात्र कुठेच नव्हती.

हार्टेकला इंग्लंडमध्ये फार्म हॉल इथे इतर नऊ शास्त्रज्ञांसोबत स्थानबद्ध ठेवले होते. त्यांचे बोलणे चोरून टिपले गेले आणि ते कागद १९९२ मध्ये खुले झाले. हिरोशिमाची बातमी आली त्या संध्याकाळी अमेरिकनांनी हे कसे साधले असेल याचा तर्क चालला तेव्हा हार्टेकने मास-स्पेक्ट्रोग्राफ प्रचंड प्रमाणावर वापरले असावेत असे म्हटले. तर्क बऱ्यापैकी बरोबर निघाला. ओक रिजला विद्युतचुंबकीय पद्धत वापरली गेली होती, सोबत सच्छिद्र पडद्याची आणि तापमानातल्या फरकाची. बीम्सचे सेंट्रिफ्यूज मॅनहॅटन प्रकल्पाने, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाने, मागे टाकले होते.

बायर्ले त्या दहा जणांत नव्हता. इंजिनिअर होता म्हणूनही असेल, पण त्याला फारसे कोणी विचारले नाही आणि त्याचे काम थांबले नाही. ग्योटिंगेनमध्ये मॅक्स प्लांक सोसायटीच्या छत्राखाली उपकरणांची एक संस्था उभी राहिली, तिचा तो प्रमुख झाला. तिथे त्याच्या कारकिर्दीतला सर्वात विलक्षण प्रसंग घडला. ब्राझीलच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा अध्यक्ष ॲडमिरल आल्वारो आल्बेर्तो याने हार्टेक-ग्रोट-बायर्ले यांच्या धर्तीची तीन सेंट्रिफ्यूज जर्मनीत बनवायला दिली. अमेरिका हे तंत्र देणार नाही हे त्याने ओळखले होते. १९५४ मध्ये यंत्रे रवाना होण्याआधीच ब्रिटिश सुरक्षा अधिकाऱ्यांनी ग्योटिंगेनमध्ये ती जप्त केली. त्यामागे जर्मनीतल्या अमेरिकन उच्चायुक्ताचा आदेश होता. तो उच्चायुक्त म्हणजे रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट. मॅनहॅटन प्रकल्पाच्या सूत्रधारांपैकी एक असलेला कोनंट जुलै १९४५ मध्ये पहिला अणुस्फोट पाहायला वाळवंटात हजर होता. सेंट्रिफ्यूज काय चीज आहे हे समजावून सांगण्याची गरज नसलेल्या मोजक्या माणसांपैकी तो एक. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी सार्वभौम झाली, आणि त्यानंतर १९५६ मध्ये ती यंत्रे साओ पाउलोच्या तंत्रसंशोधन संस्थेत पोचली.

१९५८ च्या जिनिव्हा अणुपरिषदेत ग्रोट, बायर्ले आणि दोन सहकाऱ्यांनी युरेनियमच्या समृद्धीवर निबंध वाचला. आता शीर्षकात युरेनियम उघडपणे होते. पण तोवर काळ पुढे गेला होता. ऑस्ट्रियन गेर्नोट त्सिपे याने युद्धकैदी म्हणून सोव्हिएत रशियात माक्स स्टीनबेकच्या हाताखाली पातळ रोटर बनवला होता. तो खाली एका सुईच्या टोकावर आणि वर चुंबकाच्या आधारावर फिरे. सुटून आल्यावर १९५७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या परिषदेत पश्चिमेकडच्या यंत्रांची माहिती त्याच्या कानावर आली, तेव्हा आपण किती पुढे आहोत हे त्याच्या लक्षात आले. बायर्लेचे यंत्र भक्कम, वजनदार आणि विजेला महाग होते. जायरोच्या कारखान्यातल्या माणसाने जे शिकलेले असते तेच त्याने केले होते, पक्के बेअरिंग आणि जाड आस. पुढची सगळी सेंट्रिफ्यूज त्सिपेच्या वाटेने गेली.

माझे मत असे की युद्धकाळात समृद्ध युरेनियम न मिळण्याचे कारण कोणाच्या सदसद्विवेकबुद्धीत शोधण्याची गरज नाही. ग्रोट आणि बायर्ले यांनी अखेरच्या महिन्यांपर्यंत यंत्र चालू ठेवले, जागा बदलून, धातू बदलून. त्यांना अडवले ते न मिळालेल्या पोलादाने, फुटलेल्या रोटरने आणि रात्रीच्या विमानांनी. ज्यांना जर्मन वाचता येते त्यांनी डॉइचेस म्युझियमच्या संकेतस्थळावर ठेवलेले निवडक गुप्त अहवाल जरूर पाहावेत, आणि टक्केवारी दिसली की ती कशाची आहे हे आधी तपासावे.