लोडशेडिंगमधलं कटऑफ

२००५ नंतरची काही वर्षं गावाकडं बारा-बारा तास वीज नसायची. माझं रिपेअरिंगचं दुकान खरं चाललं ते त्याच काळात. घरोघरी इमर्जन्सी लाइट आले. आत छोट्या ट्यूब आणि ६ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी. स्वस्त मालात चार्जर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोड, एक रेझिस्टर, बस्स. लोक लाइट अष्टौप्रहर प्लगला ठेवत. बॅटरी फुगायची आणि वर्षभरात राम म्हणायची.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून झेनर, प्रीसेट, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि रिले आणून आम्ही कटऑफ बसवू लागलो. मल्टिमीटर लावून प्रीसेट केसभर फिरवायचा; ७.२ व्होल्टला रिलेनं ‘टक’ केलं की चार्जिंग तुटलं. तो आवाज ऐकवला की गिऱ्हाईक घासाघीस करत नसे. माझ्या मते मोलाचा होता तो खालचा कटऑफ. ५.४ व्होल्टला दिवा विझलाच पाहिजे, नाहीतर प्लेटांवर सल्फेट धरतं. पण ‘उजेड असताना विझवता कशाला?’ म्हणून लोक तोच काढायला लावत!

पुढे एलईडी आणि लिथियम आले, संरक्षणाची पट्टी बॅटरीतच येऊ लागली. तुमच्या माळ्यावर जुना लाइट असेल तर त्यातली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, बॅटरीच्या दुकानात परत द्या. आत शिसं असतं.